हरला त्याने कप विसळावे

ता. ४ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. ते मनापासून आहेत, पुढचं सगळं रागाने आहे.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू सारखी म्हणतेस, मामा, आवाज कमी. कागदाला आवाज नसतो. आता ऐक. जन्मभर मी लिफ्ट दुरुस्त केल्या. खालून ओरडलं नाही तर वरचा भलतंच बटण दाबतो. तो आवाज तुझ्यासाठी आता कुठून बदलू? आमच्या पटावरच्या खेळांच्या क्लबाची तू अध्यक्ष झालीस, मला केवढा अभिमान वाटला! आणि तू काय केलंस? तुझ्या दवाखान्याच्या काउंटरवरची घंटा आणून टेबलावर ठेवलीस. आवाज चढला की टिंग! मी काय शाळेतला पोरगा आहे?

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत आम्ही पुठ्ठ्याच्या पटांवरून कायम भांडत आलो. पटावर दुसऱ्याने बांधलेल्या पुलावरून आपली गाडी नेता येते की नाही, यावर टेलरबाई आणि मी महिनोन्महिने भांडलोय. वादात हरला त्याने सगळ्यांचे कप विसळायचे, हा आमचा कायदा. आता सिंकमध्ये कपांचा ढीग साचलाय. कोणी हरतच नाही, तर विसळणार कोण? तुमचंही बरोबर, माझंही बरोबर! मग खेळता कशाला, घरी झोपा काढा.

आणि वर तुझी नोटीस, की मामाला क्लबातून काढायचं का, यावर चौदा तारखेच्या शनिवारी हात वर करा. तुझी मामी गेल्यापासून माझ्या आठवड्यात वार एकच उरलाय. तेवढा काढून घेऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. ७ मार्च

ती. मामास,

शि. सा. न.

राग तुलाच येतो असं समजू नकोस. घंटा वाजवली म्हणून तू टेबलावर मूठ आपटलीस आणि सगळे पूल जमिनीवर. गोळा कोणी केले? मी, गुडघ्यांवर बसून!

पुलावरून किती भांडायचं ते भांड. पण तू टेलरबाईंना सगळ्यांदेखत म्हणालास, की त्यांच्या डोक्यात नुसता कापूस भरलाय. हा नियमावरचा वाद होता का? पुलावरून थेट डोक्यावर गेलास. त्यापायी तर मी घंटा आणली. तरी त्यानंतर एकच शनिवार येऊन बाई यायच्या थांबल्याच. कोणी म्हणायला नको, की घरचा म्हणून मामाला सोडलं. मतदान होणार. आधी जाऊन त्यांची माफी माग. हट्टीपणात तू आणि आई, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

तुझी रागावलेली,
चिमणी

ता. १० मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद आहेतच.

गेलो होतो. बाईंनी शिलाईमशीनही थांबवलं नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, डोक्याचं बोललात ते फार लागलं, पुन्हा बोललात तर हातात कात्री आहे. पण क्लब त्यासाठी सोडला नाही.

घंटेच्या पहिल्या शनिवारी त्यांनी मुद्दाम गाडी उलटी नेली. धडधडीत चूक! कोणी चकार शब्द काढला नाही, सगळे गोड हसले. मीसुद्धा, तुझ्या घंटेच्या धाकाने. त्या म्हणाल्या, दिवसभर गिऱ्हाइकांच्या हो ला हो करते, निदान इथे तरी मला कोणी नाही म्हणत होतं. आता सगळे आजाऱ्यासारखं सांभाळून घेतात.

शनिवारी मी येत नाही. मला काढायचं तर काढ, पण बाईंना परत बोलाव.

मामा

ता. १४ मार्च

ती. मामास,

शि. सा. न.

बोलावलं, आणि बाई आल्या. मतदानाआधीच उभं राहून म्हणाल्या, की मामांना काढण्यावर मला वाद घालायचाय. मी घंटा वाजवली, तर त्यांनी ती उचलून सरळ पिशवीत टाकली! मग मीही पेटले. तासभर भांडलो. सगळे म्हणाले, माझा आवाज तुझ्यावर गेलाय. नियमावर तुटून पडा, माणसावर नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बाकी सगळं हरले. मतदान झालंच नाही.

महिन्याचा ढीग होता रे मामा! हात अजून सुरकुतलेत, अक्षराला नावं ठेवू नकोस. येत्या शनिवारी ये. पुलाच्या बाबतीत तू साफ चुकतोयस, हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय.

लोभ आहेच, तो भांडून वाढवावा.

तुझी,
चिमणी