चैत्रातली फोडणी

अव्वा,

आज सकाळी चहा पिताना मोबाईलवर वाचलं, की आता म्हणे यंत्रच माणसासारखं बोलतं, गाणी रचतं, रोगाचं निदानसुद्धा करतं. वाचलं आणि तुझीच आठवण झाली. तू असतीस तर तव्यावरची भाकरी उलथत विचारलं असतंस, "भांडी घासतंय का?" नाही घासत म्हटल्यावर तू म्हणाली असतीस, "मग पुढचं वाच." तुझ्या दरबारात शास्त्रज्ञांची अशीच हजेरी लागायची. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विज्ञानाची बातमी तुझ्या तोंडून एकदा वदवून घेतल्याशिवाय मला अजून ती पटत नाही. आणि तुझ्या ह्या लेकीनं तर जन्मभर शाळेत विज्ञानच शिकवलं. हसू नकोस.

बाळीवेशीतली आपली ती खोली, भिंतीला लागून चूल, तुझ्या पुढ्यात भाकरी थापायची काटवट, आणि दाराशी रद्दीचा गठ्ठा. गिऱ्हाइकांना कडक भाकरी बांधून द्यायला तू रद्दी घ्यायचीस, आणि बांधण्याआधी प्रत्येक कागद मी तुला वाचून दाखवायचा, हा आपल्या घरचा नेम. तुला अक्षर येत नव्हतं, पण फुकट काही वाया गेलेलं तुला खपायचं नाही, मग बातमी तरी कशी वाया जाऊ द्यायची? मंत्र्यांची भाषणं तू हातानंच उडवून लावायचीस, खुनाची बातमी अर्ध्यावर थांबवायचीस, आणि म्हणायचीस, "ते शोधाचं काय असंल ते वाच." गठ्ठ्यात तारखांचा काही मेळ नसायचा. माणसं चंद्रावरून परत आली हे आपण आधी वाचलं आणि ती निघाल्याचं नंतर. तेव्हा मी श्वास रोखून वाचत होते आणि तू शांतपणे पीठ मळत म्हणालीस, आलीत न्हवं सुखरूप, मग घसा कशाला कोरडा करतीस. चंद्रावर नुसती माती आणि दगडच आहेत हे कळल्यावर तर तू कपाळाला पिठाचा हात लावलास. म्हणालीस, माती-दगडच बघायचे होते तर मंद्रूपला जायचं होतं की, एसटी तरी मिळते. मंद्रूप तुझं सासर, त्यामुळे तो टोला नक्की कुणाला होता हे अप्पांना बरोबर कळायचं. ते खाली मान घालून जेवत राहायचे आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत मिलकडं निघायचे.

आपल्या देशानं आभाळात उपग्रह सोडला तेव्हा तू विचारलंस की तो पाऊस आणतो का. आणत नाही, पुढंमागं पाऊस येणार का ते सांगेल, असं मी म्हटलं. तेवढं तर आपल्या गुडघ्यालाही कळतं, असं तुझं मत पडलं. संकरित ज्वारीवर तुझा राग मोठा होता. भाकरी थापताना कडेला चिरते, आणि ज्यानं हे बी काढलं त्याच्या बायकोनं एकदा तरी त्याला भाकरी करून घालायला हवी होती, असं तू म्हणायचीस. सगळं काही तुझं बरोबर निघायचं नाही हां. टीव्ही म्हणजे चार दिवसांचं खूळ, असं तू छातीठोक सांगितलं होतंस. कुकरला तर तू घरात बाँब म्हणायचीस, आणि पुढं माझ्या लग्नानंतर माझ्याकडं आलीस तेव्हा त्याची शिट्टी मोजत बसायचीस आणि पाहुण्यांना बोलावून दाखवायचीस. पण चूक कबूल करणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. असं मला वाटायचं.

आता चैत्राचं बोलते. चैत्र लागला की आपल्या घरातली फोडणी बंद व्हायची. पाडव्याची पोळी झाली की दुसऱ्या दिवसापासून महिनाभर तेल तापायचं नाही, मोहरी तडतडायची नाही. पिवळं वरण, दहीभात, कच्चं तेल घातलेली शेंगाचटणी. शेजारच्या बायका चिडवायच्या, की ह्यांच्या घरी तेलाचा दुष्काळ आलाय. मी विचारलं की तू उन्हाळ्यात फोडणी बाधते म्हणायचीस, आणि अप्पा लगेच कसल्यातरी दुसऱ्या गोष्टी काढायचे. घरात देवी आल्या, म्हणजे कुणाच्या अंगावर ते फोड उठले, की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यावर कडुलिंबाचा पाला लावायचा, हे मला ठाऊक होतं. पण आपल्या घरी तर कुणालाच देवी आलेल्या नव्हत्या. माझ्याआधी एक मुलगी होती आणि ती तापानं गेली, एवढंच मला सांगितलेलं. तिचा फोटो नव्हता. तिला मी मनात अक्का म्हणायची, पण तुझ्यापुढं कधी नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा पावसाळा. मी नववीत, शास्त्राच्या बाईंची लाडकी, आणि त्यामुळे जरा शेफारलेली. तू भाकरी थापते आहेस, मी गठ्ठ्यातला एक कागद ओढून वाचते आहे. देवीचा रोग आपल्या देशातून कायमचा गेला, शोध शोध शोधूनही रोगी सापडत नाही, बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांनी येऊन खात्री करून घेतली, असं काहीतरी त्यात आहे. काटवटीतला आवाज थांबला. मी मान वर करून बघितलं तर तुझा हात तसाच पिठावर. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, आणि तुझी भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

परत वाच, म्हणालीस. मी वाचलं. तारीख बघ, म्हणालीस. मी तारीख सांगितली. मग विचारलंस, "गेली म्हंजे कुटं गेली?"

कुठं गेली नाही, संपली, असं मी सांगितलं. सगळ्यांना टोचलं, मग रोगाला राहायला माणूसच मिळेना. वर्गात उभी राहून उत्तर द्यावं तसं मी घडाघडा बोलत होते. तू विचारलंस, टोचलेल्या माणसाला तो होतच नाही का. मी म्हटलं, नाही होत. तू परत विचारलंस, लहान पोराला टोचलं तरी? मी म्हटलं, लहानपणी टोचलं तर उत्तमच.

तू तवा खाली उतरवलास. हात धुतले नाहीस. पिठाचे हात मांडीवर ठेवून, माझ्याकडं न बघता, तू बोलायला लागलीस. टोचणारा गावात आला त्या दिवसाचं. सासूबाई म्हणत होत्या की टोचलं तर देवी कोपते, सगळं गावच म्हणत होतं, पोरांना शेतात पळवत होतं. तू तुझ्या लेकीला घेऊन आत गेलीस.

"जुंधळ्याच्या कणगीमागं बसवली तिला. गप बस म्हनलं. लई शानी हुती गं. धुरळा हुता तितं, पर शिंकलीसुदिक न्हाय. त्यो दारातनं इचारून गेला, घरात लेकरू हाय का म्हनून. मी न्हाय म्हनलं."

पुढच्या चैत्रात तिच्या अंगावर देवी उठल्या. सगळे नियम पाळले. पाला, दहीभात, सगळं गार. ती तापात फोडणीचा भात मागत होती. तिला तो आवडायचा, लसणाचा. तू दिला नाहीस, देवी रागावेल म्हणून. हे सांगताना तू रडली नाहीस, मीच रडले. मग तू उठून तवा परत चुलीवर ठेवलास, कारण भाकरीची मागणी संध्याकाळची होती.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या दंडावरचे व्रण इतके मोठे का आहेत. मला टोचायला तू स्वतः दवाखान्यात घेऊन गेली होतीस, आणि टोचणाऱ्या बाईंना नीट रुतवून टोचा म्हणाली होतीस. तिकडं सुई आणि इकडं दर चैत्रात फोडणी बंद. दोन्ही दारं तू धरून ठेवली होतीस, माझ्यासाठी.

त्यानंतर मात्र तू मला शोधाचं वाचू देईनास. मंत्र्याचंच वाच म्हणायचीस. पेपरवाल्यांचं काय खरं, पाऊस येणार म्हणतात, येतो का? असं आपणच बोलायचीस. आणि दुसरीकडं भाकरी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचीस की देवी खरंच गेली का. दवाखान्यातल्या बाईंना तर तू मुद्दाम जाऊन विचारून आलीस. सगळे हो म्हणायचे, आनंदानं म्हणायचे, आणि तू घरी येऊन पाठ फिरवून भाकऱ्या थापत बसायचीस. मला राग यायचा. वाटायचं, एवढी चांगली बातमी, हिला का रुचत नाही? कळायला पुढचे कितीतरी महिने गेले. अक्काला देवीनं नेलं असं मानलं, तर त्यात तुझं काही चालण्यासारखं नव्हतं. पण सुईपुढं देवी हरली हे मानलं, तर मग अक्का कुणामुळं गेली? एका जुन्या पेपराच्या कागदानं तुझ्यापुढं हा प्रश्न टाकला होता, आणि वाचून मी दाखवला होता.

पाडवा आला. झाला. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटून मी घरी येते आहे, ऊन चढलेलं, आणि बोळात शिरताच लसणाचा खमंग वास. मला वाटलं शेजारचा. दारात आले तर आपल्याच चुलीवर फोडणीचं कढलं, आणि तू त्यात जिरं टाकते आहेस. मी दप्तर न उतरवता तशीच उभी. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "ती गेली म्हंत्यात न्हवं सगळी. मग कुनासाठी थांबायचं?" आणि मिरच्या मोडून टाकल्यास. ठसका लागला तुला, मलाही. डोळे पुसत तू पुढचं बोललीस, अगदी हळू. "चूक माजी हुती पोरी. देवीवर किती दिस घालू?"

मला तेव्हा म्हणायचं होतं की अव्वा, तुझी चूक नव्हती, तुला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि तू लेकराला वाचवायलाच लपवलं होतंस. जमलं नाही. मी नुसती तुझ्या पाठीला चिकटून बसले, आणि तू म्हणालीस, सरक, तेल उडेल. मग तू दहीभातावर ती फोडणी ओतलीस, खणानारळाची ओटी काढलीस, आणि आपण दोघी वेशीबाहेरच्या देवीला गेलो. गार नैवेद्य दाखवायच्या त्या ठिकाणी तू फोडणीचा दहीभात ठेवलास. पुजारीण बघतच राहिली. लेकीची सासरी पाठवणी करावी तशी तू देवीची ओटी भरलीस आणि म्हणालीस, "जा बाई आता. सुखानं जा. परत येऊ नगंस." भात मात्र सगळा तिथं ठेवला नाहीस. अर्धा परत आणलास, एका लहान वाटीत काढून कोपऱ्यात ठेवलास, आणि मग आम्हाला वाढलास. ती वाटी कुणाची हे अप्पांनी विचारलं नाही. मी पण नाही.

पुढं मी वर्गात देवीच्या लशीचा धडा कितीतरी वेळा शिकवला. व्रण दाखवून शिकवला. तुझी गोष्ट कधी सांगितली नाही. पोरं हसली असती तर मला सहन झालं नसतं.

आता तुला लिहायला बसले ते ज्याच्यासाठी, ते सांगते. मागं तो नवा रोग आला, साऱ्या जगाला कोंडून घातलं त्यानं. तुला तो कळला असता तर तू काय काय बोलली असतीस! त्याची लस आली तेव्हा मी रांगेत उभी राहून टोचून घेतली, आणि नातेवाइकांच्या मोबाईल ग्रुपवर काढे नि धूप सांगणाऱ्यांना असं झापलं की दोन चुलत जावा माझ्याशी बोलेनात. आणि त्याच चैत्रात तुझी नात, माझी एकुलती एक, पुण्यात दवाखान्यात, नाकाला प्राणवायूची नळी. मला तिकडं जाता येत नव्हतं. डॉक्टर फोनवर काय सांगत होते ते मला सगळं कळत होतं, आकड्यांसकट, आणि त्या कळण्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या दिवसांत आमच्या घरी फोडणी झाली नाही. मी ठरवून केलं असं नाही. तेलाची बरणी हातात घ्यायची आणि परत ठेवायची. पिवळं वरण, दहीभात. ह्यांनी एकदाच विचारलं, मीठ तरी घालतेस ना? मी म्हटलं, उन्हाळ्यात बाधते फोडणी. अगदी तुझ्या आवाजात म्हटलं.

ती घरी आली, तिचा पहिला धड फोन आला, तेव्हा मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं तेल तापवत ठेवलं. लसूण टाकला. ती तिकडून दमल्या आवाजात म्हणाली, "काय तडतडतंय गं आई?" मी म्हटलं, काही नाही, दहीभात करतेय. मला पण पाहिजे, म्हणाली. हे मागितलेलं मला देता येणार होतं, आज नाही तर चार दिवसांनी, आणि मी फोन तसाच धरून ओट्याशी खाली बसले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, ह्यांना नाही. तुलाही हे पाठवता येणार नाही, आणि तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, तुझ्या शेजारी बसून, तुझी भाकरी होईपर्यंत. अव्वा, त्या दिवशी भात कालवल्यावर मी एका लहान वाटीत थोडा बाजूला काढून ठेवला होता. विज्ञानाच्या बाईनं. अजूनही चैत्र लागला की ठेवते.