‘मरतात’ इथपर्यंत

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर आई मध्ये मध्ये बोलते आणि तुझं बोलणं राहून जातं, म्हणून हे पत्र. सहावा महिना लागला ना? शिवणयंत्रावर वाकून बसणं कमी कर.

माझ्या कामाचं आई सारखं विचारते. तिला सांग, तुमची पोर पगार घेऊन डास पाळते. प्रयोगशाळेतल्या पेटीत आम्ही उष्णता वाढवत नेतो. फार तापलं की डास मरतात. जे थोडे उरतात, त्यांची अंडी घेऊन पुढची पिढी वाढवतो आणि तिलाही तेवढंच तापवतो. ती किती तग धरते, ते अजून कळायचं आहे. मेलेला प्रत्येक डास मी पुन्हा हलवून बघते, खरंच मेला ना म्हणून. सर हसतात.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावण्याइतकी माया असू दे.
तुझी धाकटी

१४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि पोटातल्याच्या लाथा वेगळ्या.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ‘मरतात’ इथपर्यंत ऐकलं आणि ती उठून शेजारी सांगायला गेली. पुढचं मी भिंतीला वाचलं. आता सगळी गल्ली म्हणते, हिची पोर डासांची डॉक्टर आहे, या उन्हात घाबरायचं कारण नाही. शेजारणीने पिंपाची झाकणंसुद्धा काढून टाकली. मच्छरदाणीने वारा अडतो म्हणून आईने आमची धुऊन ठेवून दिली.

मला मागची खोली दिली आहे. पाण्याची पिंपं तिथेच, खिडकीला ओला पडदा, अंधार. घरात काय तो तेवढाच गारवा. दुपारभर महाराणीसारखी पडून असते. हे म्हणतात, दिवसभर लोकांचे पंखे दुरुस्त करून मला एवढी हवा मिळत नाही.

जेवत जा. आठवण ठेव म्हणणार नाही, ठेवतेसच.
ताई

२० मे

ताई,
नमस्काराला थांबत नाही. आत्ताच फोन केला तर आईने उचलला. तू झोपली होतीस. मी बोलले त्यातलं तुझ्यापर्यंत किती पोचेल, याचा भरवसा नाही, म्हणून लिहिते.

नव्या पिढीतले पुष्कळ डास तेवढ्याच उष्णतेत जगले. आणि पेटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओलं फडकं ठेवलं, तर जवळजवळ कुणीच मेलं नाही. सगळे त्या फडक्यावर जाऊन बसले. तुझी मागची खोली म्हणजे तोच कोपरा आहे, ताई. उन्हात बाहेर नसले, तरी ते तिथे असतील. हे डेंग्यूचे डास, दिवसा चावतात. दुपारीही मच्छरदाणीतच झोप. पिंपं घासून घे, झाकून ठेव. ताप आला तर मनाने गोळी घेऊ नकोस, लगेच दवाखान्यात जा.

मी अर्धवट लिहिलं का? ते पत्र डोळ्यांपुढून हलत नाही.
धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. परवा दवाखान्यातून घरी आले. पडूनच लिहिते आहे, अक्षर लावून घे.

तुझा फोन आला त्याच दुपारी आईने पिंपं झाकली, मच्छरदाणी बांधली. पण मला सकाळपासूनच कणकण होती. उन्हाची असेल म्हणून मी बोलले नव्हते.

आई आता घरोघर जाऊन झाकणं लावा म्हणते. एकजण तिला म्हणाली, आधी मायलेकींनी काय ते ठरवा. ती तिथूनच परत आली. तिला तू काही विचारू नकोस. हे पंख्याचं एकच पातं पुसत बसतात.

नोकरी सोडीन म्हणालीस, ते यांनी सांगितलं. सोडू नकोस. मला बसायची ताकद आली की तुझी दोन्ही पत्रं आईला शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे.

दवाखान्यात तू फोनवर सगळं विचारायचीस. ताप किती, रक्त किती, पेशी किती. एक विचारायला धजली नाहीस, आणि इथेही कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. मुलगी होती.

तुझीच,
ताई