पुढे पुढे न करता इनचार्ज होणे

३ जून
आमचे डिस्पॅच इनचार्ज महिनाअखेरीस रिटायर होतायत. खुर्चीवर हक्क माझा. पण मागायची नाही. पुढे पुढे करणारा माणूस साहेबांच्या डोक्यात जातो. बोलण्याच्या ओघात, न मागता पटवायचं. ही म्हणाली, सरळ जाऊन विचारा की. हिला डिप्लोमसी कळत नाही.

६ जून
दुसरा दावेदार एकच. शेजारच्या टेबलावरचा घुम्या. आज साहेबांच्या केबिनमधून खाली मान घालून बाहेर आला. मला बघून हसला, तेही आपुलकीने. इथेच पाणी मुरतंय.

९ जून
प्लॅन ठरला. आधी घुम्याची तोंडभर स्तुती करायची, म्हणजे मी स्वार्थी वाटणार नाही. मग 'पण' म्हणून हळूच स्वतःवर यायचं. आरशासमोर प्रॅक्टिस केली. 'पण' फार छान जमतो. मुलगी दाराआडून हसत होती. घुम्याने घरातही माणसं पेरली की काय?

१२ जून
साहेबांना गाठलं. घुम्याचं चलान चुकत नाही, ट्रकवाल्यांवर तो आवाज चढवत नाही वगैरे सांगितलं. 'पण'पाशी आलो आणि फोन वाजला. फोन कुणी केला, छडा लावला पाहिजे.

१६ जून, दुपारी
पुन्हा गेलो. पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आज स्तुती जरा जास्तच रंगली. चुकीच्या ट्रकमध्ये चढलेला माल घुम्याने गेटबाहेरून परत आणवला, तेही सांगितलं. (आणवला मी होता. पण उदाहरण चपखल बसत होतं.) 'पण' म्हणणार, तोच साहेबांनी माझा हात हातात घेतला. अशा वेळी 'पण' बरा दिसत नाही.

१७ जून
घुम्याने स्वतःहून चहा पाजला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. मी ताकास तूर लागू दिली नाही.

२७ जून
हिने माहेरी फोन करून बातमी देऊन टाकली. मी नुसतं 'झाल्यात जमा' म्हणालो होतो.

३० जून
घुम्या इनचार्ज झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्यांचं मन माझ्यामुळे वळलं. इतका पटवून देणारा माणूस त्यांनी पाहिला नाही म्हणे.

नंतर घुम्याने जिन्यात गाठलं. म्हणाला, तो पहिल्यापासून साहेबांकडे माझंच नाव लावून धरत होता. परवाही भांडला. साहेब ऐकेचनात. माझ्यासारखं बोलता येत नाही, म्हणून माफी मागितली.

फार वाईट वाटलं. ही जेवायची थांबलीय. मी बाथरूममध्ये बसून हे लिहितोय. बाहेर जायचा धीर होत नाही.