बिनचमच्याचा चमचाकृमी

३ फेब्रुवारी २००८, रविवार
इतिहास घडला! अंजूरच्या खाडीत चिखल उपसताना चमचाकृमी सापडला. बोटभर लांब, अंगावर एकही वळं नाही, तोंडाखाली दोन आकडे. घरी आणून थेट फॉर्मॅलिनमध्ये. आधी मेन्थॉलने गुंगी आणायची असते, हे मीच मुलांना शिकवतो. पण त्यासाठी भिवंडीपर्यंत कोण जाणार? त्यात बरणी लोणच्याची आहे म्हणून माझी बायको उन्नती ओरडत होती. असल्या घरात संशोधन होतं का?

५ फेब्रुवारी
कृमी बरणीतून काढून काचेच्या बाटलीत ठेवला. चमचाच नाही! जगातल्या चमचाकृमींना तोंडापुढे चमच्यासारखी सोंड असते, ती आत ओढता येत नाही. याला मुळातच नाही. म्हणजे नवी जात! नाव 'देवेशी'. स्वतःचं नाव द्यायचं नसतं म्हणे. ज्यांना काही सापडत नाही त्यांनी केलेले नियम.

८ फेब्रुवारी, स्टाफरूम
आमच्या झूलॉजीत नवीन लागलेला मिहिर म्हणतो, डीएनए तपासल्यावर चमचाकृमी गांडुळांच्या संघात गेले. मी इतकी वर्षं बोर्डावर 'स्वतंत्र संघ' लिहितोय, ते काय झक मारायला? गांडुळाला वळी असतात, याला नाहीत. विषय संपला. वर विचारतो, सर, गुंगी दिली होती ना? उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद. चहा त्याने मागवला होता, तेवढा प्यायलो.

१० फेब्रुवारी
सासऱ्यांनी, केसरीनाथशेठनी, अंजूर नाक्यावर माझ्या अभिनंदनाचा बॅनर लावला. कृमी माझ्यापेक्षा मोठा! तक्रार केली तर म्हणाले, कीडा हाय म्हणून तं बॅनर हाय. सर्वात वर स्वतःचा फोटो, गॉगल लावून. यांच्या घरी मी तात्पुरता राहतो. लग्नापासून.

१२ फेब्रुवारी
हिरव्या चमचाकृमीवर लेक्चर. त्याचा नर इवलासा, जन्मभर मादीच्या अंगात राहतो, तिच्याच जिवावर जगतो. मागच्या बाकावरच्या तनयाने विचारलं, सर, तो बाहेर कधीच पडत नाही? सगळा वर्ग हसला. अख्ख्या तालुक्याला माहीत आहे मी कुठे राहतो. इंटर्नलला बघतो एकेकाला.

१७ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सासूबाईंनी, आक्कांनी, लोणच्याची बरणी मागितली. उन्नतीने मोरीत ओतली, तर तळाशी काहीतरी पिवळट. गाळणीत घेऊन आली. विचारलं, हे तुमचंच का?

सोंड. तुटलेलं टोक कृमीच्या तोंडाशी लावून पाहिलं. तंतोतंत बसलं. गुंगी न देता फॉर्मॅलिनमध्ये टाकला की सोंड गळते. माझ्याच नोट्समध्ये आहे, अधोरेखित.

सासऱ्यांना म्हटलं, बॅनर काढा. म्हणाले, न्हाय, होळीपर्यंत ऱ्हाऊंदे, माजा फोटो बरा आलाय. सोंड उन्नतीने वाटीत काढून माझ्यापुढे ठेवली आणि बरणी घासायला गेली.

फार वाईट वाटतंय. रागवायलाही आज कोणी सापडत नाही.