साठ दिवस, माझ्या हिशेबाने

४ मार्च, सोमवार
निवृत्तीच्या पैशांचा चेक आला. ८० हजार डॉलर यायला हवे होते, आले ६४! पैसे ठेवलेल्या कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणे, चेक स्वतःच्या नावाने काढायला तुम्हीच सांगितलंत, मग वीस टक्के कर कापावाच लागतो. थेट दुसऱ्या निवृत्ती खात्यात वळते केले असते तर एक सेंटही कापला नसता. मला शिकवते! सत्तावीस वर्षं ओतकामाच्या भट्टीपुढे भाजलो. स्वतःचे पैसे एकदा हातात तरी धरू नयेत?
असो. साठ दिवसांत नव्या खात्यात भरले की काम फत्ते. कापलेले १६ हजार तेवढे पदरचे घालायचे, ते पुढच्या वर्षी सरकार परत करतं. मुदत चुकली तर सगळ्यावर कर, आणि मी त्रेपन्न वर्षांचा, साडेएकोणसाठच्या आतला, म्हणून वर दहा टक्के दंड. मुदत वेंधळ्यांची चुकते.

५ मार्च
बायको, अर्लीन, शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं उभी आहे. गुडघे गेलेत. हे पैसे मार्गी लागणार म्हणून तिने जूनपासूनचा राजीनामा देऊन टाकला. म्हणाली, लिऑन, माझी सगळी भिस्त या चेकवर आहे रे. म्हटलं, माझ्यावर ठेव.

१९ मार्च
नव्या खात्यासाठी तीन कंपन्या पाहिल्या. पहिलीत पेन साखळीने बांधलेलं. जे दोन डॉलरचं पेन माझ्या हाती सोडत नाहीत, त्यांच्या हाती मी ८० हजार सोडू? दुसरीतला पोरगा मला नुसतं लिऑन म्हणाला. तिसरीत डोनट शिळा. आयुष्यभर फोरमननी मला तपासलं, आता मी तपासणार.

१८ एप्रिल
१६ हजारांसाठी ट्रक विकायला काढला. एक टिनपाट गिऱ्हाईक आलं, नऊ म्हणालं. हाकलला. दुसरं आलं, सात म्हणालं. लोकांना वस्तूची पारख उरलेली नाही.

३ मे, शुक्रवार
सकाळी मेहुणा नॉर्बर्ट दारात. शाळेची बस चालवतो आणि गल्लीभर अक्कल वाटत फिरतो. हातात चेकबुक. म्हणे, भावजी, आज साठावा दिवस. १६ हजार मी देतो, सरकारने दिले की परत करा, चला आत्ता, पाचला खिडकी बंद होते.
हसू आवरेना. रविवारसुद्धा मोजतो गाढव! आमच्या युनियनच्या करारात सगळ्या मुदती कामाच्या दिवसांच्या. तक्रार दाखल करायला दहा दिवस म्हणजे दहा पाळ्या, हे आमच्या एरी गावातलं शेंबडं पोर सांगेल. शनिवार-रविवार आणि गुड फ्रायडे वगळून आज ४३ झाले. त्याला करारपुस्तिका उघडून दाखवली. तो म्हणाला, ही कारखान्याची आहे, कर खात्याची नाही. म्हटलं, तू बस चालव.
अर्लीन दोघांकडे बघत होती. म्हणाली, एक फोन करून विचार तरी. विचारायला मी काय नवशिका आहे?

२४ मे, शुक्रवार
दोन दिवस हातचे राखून गेलो. पेनच्या साखळीवाल्यांकडेच, बाकीचे त्याहून भिकार. अर्लीन सोबत. ट्रक उभाच आहे, म्हणून निदान ६४ भरू म्हटलं.
खिडकीवरच्या पोरीने तारीख पाहिली. म्हणाली, काका, मुदत तीन मेलाच संपली. रविवार, सुट्ट्या, सगळे दिवस मोजतात. मी पुस्तिका काढली. तिने ती अदबीने परत दिली.
म्हणाली, उशिराला माफी असते, पण कारण यादीतलं हवं. वाचून दाखवली: आजारपण, घरातला मृत्यू, घराची मोठी पडझड, टपालाची चूक, बँकेची चूक. अर्लीनने शांतपणे विचारलं, हेकटपणा आहे का गं यादीत?
पोरीने खरंच पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. नव्हता.

२५ मे
हिशेब केला. ८० हजारांवर कर, वर आठ हजार दंड. कापलेले १६ पुरत नाहीत. सरकार चोर आहे. करारही नीट वाचत नाही.

२८ मे, मंगळवार
अर्लीनने शाळेत जाऊन राजीनामा मागे घेतला. मुख्याध्यापिकेला फार आनंद झाला म्हणे. आणखी सहा वर्षं.
आज पहाटे पाचला पलंगाच्या कडेवर बसून तिने गुडघ्यांना पट्टे बांधले. डावा नीट बसेना. मी उठून बांधून दिला. ती म्हणाली, घट्ट नको, आठ तास उभं राहायचंय.
चार दिवसांत मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.