शून्यावर ठेवलेला आवाज

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं एक भांडण माझ्याकडून मिटलेलं नाही, आणि मिटवायचा माझा विचारही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी लिनक्स अपडेट केलं आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला, ते भांडण. पोरीने चांगलं चाललेलं यंत्र बिघडवलं, असं तुम्ही अख्ख्या रामघाटाला सांगत राहिलात. बिघडवलं नव्हतं. आवाजाचं कार्ड चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरमुळे तुमच्या वेदपठणाच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर यायची, स्वर वर गेला की खाली तेच कळायचं नाही, म्हणून मी नवं घातलं. तुम्हाला तेव्हा धाप लागायला लागली होती. शिष्य एकेक करून निघून गेले होते, आणि जे डिस्कवर होतं ते पुन्हा म्हणणं तुम्हाला झेपणार नव्हतं. हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

नवं घातल्यावर दुसऱ्या सकाळी तुम्ही खुर्ची ओढून बसता, "लाव कालचं," म्हणता. मी लावते. पडद्यावर फाइल पुढे सरकते आहे आणि स्पीकर गप्प. मी आधी वायर बघितली, कारण आपल्या गल्लीत पहिला संशय माकडांवर. वायर धड होती. "जे चालतंय त्याला छेडायचं कशाला?" असं म्हणून तुम्ही गेलात ते दुपारी मैदागिनच्या चौकातून मिस्त्री घेऊनच आलात. त्याने दोन बटणं दाबली, हे विंडोज नाही एवढं त्याला उमगलं, आणि तो म्हणाला, "पंडितजी, पूरा उड़ा के नया डालना पड़ेगा." तुम्ही मान डोलावलीत. त्या 'पूरा'मध्ये तुमचे सगळे अध्याय होते, अप्पा. मी कॉम्प्युटरसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हात नाही लावायचा." त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?" तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला सुनावलंत. बोलतात. आजही बोलेन.

मग मी तेच केलं जे तुम्ही शिष्यांना करायला लावायचात. चुकलं की अडलेल्या शब्दाशी झटत बसायचं नाही, जिथपर्यंत शुद्ध होतं तिथे मागे जायचं. जुनं लिनक्स मी काढून टाकलं नव्हतं. मशीन सुरू करताना तेच निवडलं. आवाज आला, खरखरीसकट. म्हणजे साउंड कार्ड शाबूत, स्पीकर शाबूत. "आला ना? बस, पुरे," तुम्ही म्हणालात. "पुरे नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा नव्यात गेले. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर चढलेला होता, तक्रार कुठेच नाही. मध्ये बिजली गेली, आली. शेवटी आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या उघडल्या तर सगळ्या तळाला, शून्यावर. नव्या ड्रायव्हरची रीतच तशी होती: सगळं ठाकठीक असलं तरी सुरुवातीला सगळ्यांना मुकं ठेवायचं, कुणी येऊन मोकळं करेपर्यंत. हसू यायला हवं होतं, मला संताप आला. ओसरीवर तुम्ही मुलांना संथा द्यायचात, एकदा तुम्ही म्हणायचं, मग दोनदा त्यांनी; आणि भिंतीपलीकडे मी पोळ्या लाटत तेच मनात म्हणायचे. एकदा तोंडातून निघालं तर "मुलींना संथा नसते," म्हणालात. आई माझ्याकडे न बघता कणीक मळत राहिली.

पट्ट्या वर केल्या, माईकही उघडला, आणि चाचणी म्हणून हॅलो हॅलो म्हटलं नाही. तुमचा अध्याय म्हटला, मोठ्याने, पाठ. मग लावला. खरखर नावाला नाही. तुम्ही दारात येऊन उभे होतात. आता "बंद कर" म्हणाल असं वाटलं, आणि मी बंद करणार नव्हते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "दुसऱ्या ऋचेत श्वास मध्येच तोडलास. चुकलं." आणि वर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी माईकसमोर येऊन बसलात.

ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. फायली मी एका डिस्कवरून दुसरीवर नेत आले. आता तुमच्याच ओसरीवर मी संथा देते, मुलींना, आणि कुणाला विचारून देत नाही. तुमच्या अध्यायांशेजारी माझी ती चाचणीची फाइलही आहे. तो श्वास मला कधीचाच जमतो, पण ती फाइल मी नव्याने म्हणून ठेवलेली नाही, ठेवणारही नाही. चुका तुम्ही फक्त शिष्यांच्याच काढायचात. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाहीच, तेव्हा एवढं सांगून टाकते: त्या दिवशी तुम्ही वर गेल्यावर मी तो अध्याय पुन्हा लावला, जरा मोठ्याने, आणि तुम्ही खाली येऊन आणखी एखादी चूक काढाल म्हणून दार उघडं ठेवून बसले.