सहीच्या वरची जागा

सोलापूर,
३ ऑगस्ट

प्रिय धम्मा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हसशील. हातात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते, म्हणशील. गेल्या वर्षभरात तुझे चार फोन आले, मी एकही उचलला नाही आणि नंतर 'कामात होते गं' असा निरोप टाकला. कामात नव्हते. तुझा आवाज ऐकला असता तर मी उजनीला पाणी किती, तुझ्या शाळेत पोरं किती असलंच विचारत बसले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. परवा शालनमावशी केंद्राच्या फाटकाशी भेटली. येत्या रविवारी नागनाथमामांना जाऊन वर्ष होतंय, विहारात पुण्यानुमोदन आहे, सगळ्या वस्तीला सांगितलंय, फक्त तुला बोलवू नका असं तिला बजावलंय. पोटच्या पोरीबद्दल हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. वर मलाच विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले आणि आत निघून आले.

केंद्राचं म्हणशील तर उत्तम चाललंय. सगळेच तसं म्हणतात, म्हणजे असणारच. तू होतीस तेव्हा पत्र्याची शेड होती, आता पक्के पिंजरे झालेत. दारावर कमान आहे, कमानीवर 'शासकीय श्वान निवारा केंद्र' आणि त्याखाली 'पाचामुखी परमेश्वर'. ही ओळ अर्थात रामहरीकाकांची. निवृत्तीनंतर अधिकार गाजवायला कुणी उरलं नाही म्हणून हा माणूस आपल्या नागरिक समितीचा अध्यक्ष झाला, असं तूच म्हणायचीस. जानेवारीत 'लोकसहभागातून आदर्श केंद्र' म्हणून आमचा सत्कारही झाला. शाल, नारळ, फोटो, सगळं यथासांग. काकांच्या सुवर्णगंध सोसायटीतल्या बायका हल्ली पोरांचे वाढदिवस केंद्रात साजरे करतात. गजांतून बिस्किटं टाकतात, फोटो काढतात आणि जाताना नाकाला पदर लावतात. ती बिस्किटं खाणारी कुत्री त्यांच्याच गल्लीतली, त्यांनीच सह्या करून आत ठेवलेली.

मी मैंदर्गीहून शिकायला आले तेव्हा निम्मं कानडीच बोलायचे आणि वसतिगृहातल्या पोरी माझी नक्कल करून पोट धरून हसायच्या. तू मला सरळ हाताला धरून घरी नेलंस. सारिपुत्तनगरमधल्या तुमच्या दोन खोल्यांत मावशीच्या हातची भाकरी खाऊन मी पदविका पुरी केली. शेजारचे नागनाथमामा गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते. त्यांनी आपल्या दोघींना सायकल चालवायला शिकवली, तुला दोन दिवसांत आणि मला महिनाभर, कारण मी ब्रेक सोडून किंचाळायचे. पुढे पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरून मला केंद्राचा पदभार मिळाला, तो नेमका तुमच्या वस्तीच्या भिंतीला लागून. जागा ठरवताना वस्तीला कुणी विचारलं नव्हतं. भुंकणं तुम्ही ऐकायचं, वास तुम्ही घ्यायचा आणि समितीत माणसं मात्र सोसायट्यांची. म्हणून मीच हट्टानं वस्तीची प्रतिनिधी म्हणून तुझं नाव घातलं. शाळा सांभाळून मला जमायचं नाही, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, तू नुसती येऊन बसत जा, बाकीचं मी बघते. ते मी चांगलंच बघितलं.

नियम तुलाही पाठ झाला होता. कुत्रं उचलायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. स्वतःच्या गल्लीत ते गुमान पडून राहतं, परक्या जागी बिथरतं. पण लोकांना विचारून कारभार करा असं वरून आलं आणि मला हुशारी सुचली. मी हरकत अर्ज छापून घेतला. गल्लीतल्या पाच घरांनी सही केली की ते कुत्रं महिनाभर सोडायचं नाही. मला वाटलं, महिन्याभरात लोकांचा राग निवेल. राग कुठला निवतोय, लोकांना सहीची चटक लागली. ज्या बाया रोज पोळी घालायच्या त्यांनीही शेजारीण करते म्हणून सह्या केल्या. महिना संपला की नवा अर्ज यायचा. साठ कुत्र्यांच्या जागेत दीडशे झाली, एकाचा आजार दुसऱ्याला लागायला लागला. व्हॅनवरचा आपला धुळाप्पा सकाळी मेलेलं कुत्रं पोत्यात घालून बाहेर काढायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "मॅडम, ह्यास्नी सोडा की आता." मी म्हणायचे, समितीपुढे ठेवते.

तशात गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वरून तपासणी लागली. पिंजऱ्यात गर्दी दिसून चालणार नव्हतं. बैठकीत रामहरीकाकांनी तोडगा काढला की सुवर्णगंधची चौदा कुत्री केंद्रामागच्या मोकळ्या रानात सोडून द्यावीत. त्या रानातूनच तुमच्या वस्तीची रस्त्याला लागायची वाट जाते. हे नियमात बसत नाही, असं मी म्हटलं, पण इतकं हळू की इतिवृत्तात घ्यायची वेळ येऊ नये. मग कुणीतरी म्हणालं, तिथल्या लोकांची संमती असली तर कोण विचारतंय, त्यांच्या बाई आहेत की समितीत. सगळ्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तुझ्या शाळेत परीक्षा होत्या. तुझा निरोप माझ्या फोनवर येऊन पडला होता: 'मी आल्याशिवाय आमच्या बाजूचं काही ठरवू नका.' मी तो तिथंच वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या आठवड्यात चौदाच्या चौदा कुत्री एका दुपारी रानात सोडली.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. जूनमध्ये एका सकाळी मामा दूध आणायला त्या वाटेनं निघाले आणि सात-आठ कुत्र्यांनी त्यांना घेरलं. मांडीचा लचका गेला, पडले, खुबा मोडला. कुत्री लस टोचलेली होती, हे मी अहवालात ठळक लिहिलं. ती पुन्हा पकडून आणवली, तेही लिहिलं. दोन महिने अंथरुणाला खिळून मामा ऑगस्टमध्ये गेले. दाखल्यावर कारण न्यूमोनिया, त्यामुळे केंद्राच्या नावावर मृत्यू लागला नाही आणि सत्कारालाही अडचण आली नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती म्हण आमच्या केंद्रासाठीच केलेली असावी.

मामा अंथरुणावर असतानाच वस्तीनं ठरावाची प्रत मागवली. तिच्यावर लिहिलं होतं की सारिपुत्तनगरच्या प्रतिनिधींनी संमती दर्शवली, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली तुझी सही. विहारात सगळ्यांपुढे तू सांगितलंस की मी न वाचता सही केली. तेव्हा मामांचा सतीश उठून म्हणाला, "शाळंत पोरास्नी वाचायला शिकवती आन् सोता न वाचता सही करती व्हय?" तू मामांकडे डबा घेऊन गेलीस तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस गेलीस आणि तीनही दिवस डबा भरलेला परत आणलास. मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा मी 'अरेरे' म्हणाले. पुढे वस्तीतल्या चार बायका फाटकावर आल्या. त्यांना अजून तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता, धम्मा. खरंच न वाचता सही होते का, एवढंच त्या विचारत होत्या. मी म्हणाले, आमच्याकडे ठराव वाचूनच सह्या होतात. हे बोलायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं, माझे वरचे साहेबही शेजारी नव्हते. त्या बायका गेल्या आणि तुझी बाजू घेणारं वस्तीत कुणी उरलं नाही. दिवाळीनंतर तू विनंती बदली मागितलीस आणि थेट उजनीकाठच्या त्या शाळेत जाऊन बसलीस.

जायच्या आदल्या दिवशी तू केंद्रावर आली होतीस, मलाच सॉरी म्हणायला. "अंकी, तू विश्वासानं मला समितीत घेतलंस आणि मी साधं वाचलं नाही गं. माझ्यामुळे मामा गेले." असं म्हणून तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला आता किळस येते.

धम्मा, तू वाचलं नाहीस कारण वाचायला काही नव्हतं. आठवून बघ. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तू शाळेतून परस्पर आलीस, एका हातात चहाचा कप होता. मी नोंदवही पुढे केली. पानाच्या वरच्या भागावर फाईल होती आणि फाईलवर माझा हात. तुझी हजेरीची सही राहिलीय, गणपूर्तीला लागते, असं मी म्हटलं. गैरहजर माणसाची सही मागाहून घेणं सगळ्याच ऑफिसांत चालतं, तू आधीही दोनदा केली होतीस, म्हणून तुला वावगं वाटलं नाही. कालचं काय ठरलं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, काही विशेष नाही. तुला आजवर वाटतंय की त्या फाईलखाली ठराव होता. फाईलखाली पान कोरं होतं. तू गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तुझ्या सहीच्या वर, जागेचा अंदाज घेत, ठराव लिहिला. संमतीचं वाक्य माझं आहे. 'आनंदाने संमती' असं लिहिणार होते, ओळीत बसेना म्हणून 'आनंदाने' गाळलं.

का, असं विचारशील. तपासणीची घाई होती, असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. धम्मा काय, घरचीच, ती कशाला नाही म्हणेल, असंही सांगितलं. ते खोटं आहे, तू नाही म्हणणार हे तुझ्या निरोपातच होतं. खरं असं आहे की सुवर्णगंधमधल्या एकाही बाईच्या सहीच्या वर एक अक्षर लिहायची माझी छाती झाली नसती. तिनं दुसऱ्या दिवशी वकील आणला असता. तुझ्या सहीच्या वर मी अर्धं पान लिहिलं आणि त्यानंतर डबा उघडून जेवलेसुद्धा. तुमच्या घरात मी कधी परकी नव्हते, पण तुम्ही माझ्या हिशेबी कोण होतात ते त्या दिवशी मला कळलं. कळून मी गप्प बसले.

परवा मावशीनं जेवलीस का विचारलं, त्यानंतर घास गिळवेना. आज सकाळी हे सगळं जबाब म्हणून लिहून काढलं. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, त्याचं जे व्हायचं ते होईल. दुसरी घेऊन मी वस्तीत गेले. सतीश दारातच होता. त्यानं उभ्या उभ्या वाचली, शेवटापर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं, हा आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. रविवारी विहारात सगळ्यांपुढे वाचतो म्हणाला आणि तुला स्वतः फोन करून बोलावतो म्हणाला. मी वळले तेव्हा त्यानं पाठीमागून विचारलं, "माझा बाप दोन म्हैनं जित्ता पडून हुता. तवा का न्हाय आनलंस हे?" केंद्राच्या फाटकापासून मामांच्या खाटेपर्यंत दोनशे पावलंही नव्हती. सतीशला शब्द सापडायचे नाहीत, त्याच्या फोनवर तू गोंधळशील, म्हणून हे पत्र आधी तुझ्या हाती पडावं. त्याचा फोन आला की उचल. मानापमान करत बसू नकोस, शनिवारीच ये आणि आईकडे राहा. माझ्याकडे यायचं नाही, मला माफ करायलाही नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू ते करून मोकळी होशील आणि मला ते नको आहे. रविवारी सगळी वस्ती तुला जवळ घेईल. मामा मात्र तूच ती सही दिलीस असं समजून गेले आणि आता त्यांना सांगता येत नाही.

तुझीच म्हणायची सवय अजून सुटलेली नाही,

अंकिता